जादूला वाट, प्रेमाला कात्री : अमिरातीतल्या सुपरहिरो-प्रेक्षकांचा इतिहास

संयुक्त अरब अमिरातीत सुपरहिरोंच्या कथा पाहणारा प्रेक्षक गेल्या साठेक वर्षांत घडला. त्याच्या आवडीनिवडीचा इतिहास दोन गोष्टींभोवती फिरतो : जादू आणि प्रेम. अलौकिक शक्तीचे या किनाऱ्याला कधीच वावडे नव्हते. जिन, समुद्रातली भुते, रूप पालटणाऱ्या बाया हे सगळे आजीच्या गोष्टींतून आधीच घरात आलेले होते. पडद्यावरच्या प्रेमाचे तसे नव्हते. नायक-नायिका जवळ आले की दृश्य तुटायचे, संवाद बदलायचा, कधी नातेच बदलून जायचे. म्हणून इथल्या चाहत्यांनी काय पाहिले याच्याइतकेच त्यांच्यापर्यंत काय पोचू दिले गेले नाही, हेही या इतिहासात मोजावे लागते.

हा प्रेक्षक एका भाषेचा नाही. देशाच्या लोकसंख्येत मूळ अमिराती नागरिकांचा वाटा एक दशांशाच्या आसपास आहे. भारतीयांची संख्या पस्तीस लाखांहून अधिक असून त्यांत मल्याळी सर्वांत जास्त, पण मराठी कुटुंबेही दुबई, शारजा आणि अबू धाबीत दोन-तीन पिढ्या राहिलेली आहेत. पाकिस्तानी, फिलिपिनो, इजिप्शियन, सीरियन, लेबनीज शेजारी त्याच इमारतींत राहतात. एकाच मजल्यावर चार घरांत एकच नायक चार भाषांत बोलत असे, आणि त्याचे प्रेमप्रकरण प्रत्येक घरात वेगळ्या ठिकाणी तुटत असे.

या भूमीच्या लोककथांना स्थानिक बोलीत ‘खरारीफ’ म्हणतात. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध व्यक्तिरेखा म्हणजे उम्म दुवैस. ती अतिशय देखणी, अत्तराचा घमघमाट दरवळवणारी, सोन्याने मढलेली बाई. रात्री एकट्या पुरुषाला भुलवून नेते आणि तो मागे गेला की तिचे खरे रूप उघड होते, हात विळ्यासारखे आणि पाय गाढवाचे. दुसरा बाबा दर्या, समुद्रातला बलाढ्य जिन. मोती काढणाऱ्या गलबतांवर तो रात्री चढतो आणि खलाशांना ओढून नेतो, म्हणून कुणीतरी जागे राहून पहारा करायचा. कोकणातल्या वाचकाला इथे गिऱ्हा आठवल्याशिवाय राहणार नाही. पाण्याकाठच्या माणसांची भीती दोन्ही किनाऱ्यांवर सारखीच आहे. शारजा वारसा संस्थेचे प्रमुख अब्दुल अझीझ अल मुसल्लम यांनी अमिरातीतल्या अशा अद्भुत प्राण्यांचा कोशच तयार केला आहे, आणि शारजात दरवर्षी कथाकथनकारांचा आंतरराष्ट्रीय मेळा भरतो.

उम्म दुवैसच्या गोष्टीत जादू आणि शृंगार एकत्र आहेत, पण शृंगार हा तिथे धोका आहे. अरबी वीरकथांत त्याची दुसरी बाजू दिसते. अंतरा हा इस्लामपूर्व काळातला कवी आणि योद्धा. त्याच्या नावाने रचलेल्या दीर्घ लोकमहाकाव्यात एकटा माणूस सैन्येच्या सैन्ये उधळतो आणि हे सारे चुलतबहीण अब्ला हिच्याशी लग्न व्हावे म्हणून करतो. शक्ती आणि प्रेम यांची अशी सांगड अरबी श्रोत्याला शेकडो वर्षे ठाऊक होती. मराठी वाचकालाही तिची चव कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आणलेल्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’तून एकोणिसाव्या शतकातच लागली होती. तेव्हा पुढे पडद्यावर प्रेम कापले गेले ते परंपरेला प्रेमकथा ठाऊक नव्हत्या म्हणून नव्हे. ऐकण्यात जे चालते ते घरातल्या सगळ्यांसमोर, चालत्याबोलत्या माणसांच्या रूपात दिसले की चालत नाही, असा तो पेच होता. आजोबा, सुना आणि मुले एकाच खोलीत बसून पाहतात त्या पेटीवर जवळीक दिसावी का, हा प्रश्न त्याच काळात मराठी घरांतही पडत होता.

चित्रपट या भागात लवकर आला. शारजाच्या ब्रिटिश हवाई तळावर १९४५ मध्ये उघड्यावरचे चित्रपटगृह सुरू झाले होते. दूरचित्रवाणी मात्र १९६९ मध्ये आली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अबू धाबीचे केंद्र सुरू झाले आणि पुढच्याच महिन्यात कुवेतच्या मदतीने दुबईत प्रक्षेपण सुरू झाले. अमिराती हा देश त्यानंतर दोन वर्षांनी, २ डिसेंबर १९७१ रोजी जन्माला आला. देशाआधी टीव्ही आलेला असल्याने इथल्या पहिल्या पिढीच्या बालपणात आणि राष्ट्राच्या बालपणात फारसे अंतर राहिले नाही.

सुपरहिरो त्याआधी छापील रूपात अरबीत पोचला होता. बैरूतच्या एका प्रकाशनाने फेब्रुवारी १९६४ मध्ये सुपरमॅनची अरबी चित्रकथा सुरू केली आणि ती अरब जगभर वाचली गेली. त्यात क्लार्क केंटचे नाव नबील फौझी असे ठेवले होते. पान उजवीकडून डावीकडे उलटायचे म्हणून चित्रेही आरशातल्यासारखी फिरवली जात. सुपरमॅन हा परग्रहावरचा असला तरी नबील हा शेजारच्या गल्लीतला वाटावा, ही या नावामागची दृष्टी होती. पुढे डबिंगवाल्यांनी तीच उचलली. जपानी फुटबॉल-मालिकेतला त्सुबासा अरबीत ‘कॅप्टन माजिद’ झाला तो याच वाटेने.

माजिद हे नाव अमिरातीतल्या मुलांना आणखी एका कारणाने जवळचे आहे. अबू धाबीहून २८ फेब्रुवारी १९७९ रोजी ‘माजिद’ हे मुलांचे साप्ताहिक निघाले. पंधराव्या शतकातला प्रसिद्ध दर्यावर्दी अहमद इब्न माजिद, जो आजच्या रास अल खैमाजवळच्या जुल्फारचा मानला जातो, त्याच्यावरून हे नाव पडले. हुशार झकिया, महाआळशी कसलान, कॅप्टन खल्फान, मोझा आणि तिचा भाऊ रशूद ही त्यातली पात्रे. प्रत्येक अंकात फदूली नावाचा एक लहानगा कुठल्यातरी पानावर लपवलेला असे आणि तो शोधून काढणे हा मुलांचा आवडता उद्योग. यात कुणालाही दैवी शक्ती नव्हती. पण अंकाची वाट पाहणे, पात्रांना पत्र लिहिणे, मित्राच्या आधी फदूली सापडला याचा आनंद मिरवणे ही चाहत्याची सगळी सवय इथल्या मुलांना या साप्ताहिकाने लावली. पुढे सुपरहिरोंभोवती जे जमले त्याचा पाया इथे आहे.

त्याच सुमारास अरब घराघरांत एक नाव दुमदुमले : ग्रेंडायझर. मूळ जपानी मालिका १९७५ ते १९७७ मध्ये आली, ७४ भागांची. तिचे अरबी डबिंग १९७९ मध्ये लेबनॉनमध्ये झाले, तेही यादवी युद्ध चालू असताना. नायक ड्यूक फ्लीड हा उद्ध्वस्त ग्रहाचा राजपुत्र. पृथ्वीवर आश्रयाला आलेला, इथल्या एका शास्त्रज्ञाने मुलासारखा सांभाळलेला आणि आता या दुसऱ्या घरासाठी लढणारा. त्याला जिहाद अल अत्राश यांनी आवाज दिला आणि शीर्षकगीत सामी क्लार्क यांनी गायले. भाषा बोलीची नव्हे, शुद्ध प्रमाण अरबी. बॉम्बचे आवाज ऐकणाऱ्या शहरात बसून या कलाकारांनी जे काम केले त्याची थोरवी अजून पुरती सांगितली गेलेली नाही. जपानमधल्या मुलांसाठी जी एक यंत्रमानव-मालिका होती ती पॅलेस्टिनी, लेबनीज, इराकी घरांतल्या मुलांना आपली गोष्ट वाटली, आणि घर सोडून आलेल्या अशा कुटुंबांनीच अमिरातीतल्या इमारती भरत होत्या.

ग्रेंडायझरमध्ये प्रेमही आहे, आणि ते कापण्यासारखे नव्हते. नायडा ही ड्यूक फ्लीडची मूळ ग्रहावरची जिवलग. शत्रूने तिच्या मनाचा ताबा घेऊन तिला त्याच्याविरुद्ध पाठवलेले असते. अखेर भानावर आल्यावर ती त्याला वाचवताना प्राण देते. इथे आलिंगनाची गरजच पडत नाही. प्रेम म्हणजे त्याग, हे सूत्र दरबारी कवितेपासून हिंदी सिनेमापर्यंत सर्वांना कळणारे होते. त्या पिढीतल्या प्रेक्षकांना आज विचारले तर लढायांपेक्षा नायडाच आधी आठवते.

इंग्रजी मालिकांच्या वाट्याला मात्र कात्री आली. दुबईची इंग्रजी वाहिनी ‘चॅनल ३३’ नावाने ओळखली जाई. ती अमेरिकी मालिका दाखवी आणि हिंदी चित्रपटही. नायकाने नायिकेच्या खांद्यावर हात ठेवला, दोन चेहरे जवळ आले, आणि पुढच्या क्षणी पडद्यावर रस्त्यावरची मोटार. संगीत मध्येच तुटलेले. आयात मासिकांतल्या छायाचित्रांवर काळ्या मार्करचे पट्टे ओढलेले असत, तसेच हे. या तुटलेल्या जागा वाचायला प्रेक्षक शिकले. किती सेकंद गेले यावरून काय गेले असेल हे मुले ओळखू लागली. शाळेत दुसऱ्या दिवशी चर्चा व्हायची ती बहुधा न दिसलेल्या दृश्याचीच. सेन्सॉरच्या हेतूच्या नेमके उलट घडत होते : प्रेमप्रसंग लपवल्यामुळे त्याला कथेत होते त्याहून मोठे स्थान मिळाले.

भारतीय घरांना दुसरी सोय होती. व्हिडिओ कॅसेटच्या दुकानांतून हिंदी चित्रपट भाड्याने मिळत. अदृश्य करणारे घड्याळ बांधलेला नायक आणि त्याच्यावर, तो दिसत नसतानाच, जीव जडवलेली वार्ताहर हा ‘मिस्टर इंडिया’चा १९८७ सालचा डाव जादू आणि प्रेम एकाच धाग्यात ओवणारा होता. १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाला, तो ज्या उपग्रहावरून येई त्याची छाया आखातापर्यंत पडत होती, आणि गच्च्यांवर मोठमोठ्या तबकड्या उभ्या राहिल्या. मग १३ सप्टेंबर १९९७ रोजी दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ आला. जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत मुंबई-पुण्याला आजोळी येणाऱ्या आखाती मुलांना तो तिथे भेटला. त्याची शक्ती यंत्रातून आलेली नव्हती. ती कुंडलिनी, पंचमहाभूते आणि साधनेतून आलेली होती. गीता विश्वास त्याच्यावर प्रेम करते, तोही तिला जपतो, पण व्रत आड येते. इथेही प्रेम अडलेले आहे, फक्त अडवणारा सेन्सॉर कथेच्या आत आहे. आखातात वाढलेल्या मुलांना हा संयम ओळखीचा वाटला असल्यास नवल नाही.

मार्च २००० मध्ये स्पेसटून ही मुलांची अरबी वाहिनी सुरू झाली. तिचा कारभार पुढे दुबईतून चाले आणि डबिंगचे मोठे काम दमास्कसमधल्या झहरा केंद्रात होई. कार्यक्रमांची वाटणी ‘ग्रहां’मध्ये केलेली होती, साहसाचा एक ग्रह, खेळांचा एक, विज्ञानाचा एक, आणि झुमुर्रुदा नावाचा खास मुलींचा. तारिक अल अरबी तुर्गान यांच्या चाली आणि रशा रिझ्क हिचा गळा यांमुळे या मालिकांची शीर्षकगीते मूळ जपानी गाण्यांपेक्षा जास्त काळ टिकली, हे इथे मोठी झालेली पिढी अजून ती गाणी तोंडपाठ म्हणते यावरून दिसते.

स्पेसटूनच्या डबिंगची एक रीत या इतिहासात फार महत्त्वाची आहे. प्रेमिकांचे नाते बदलले जाई. मूळ कथेत जी प्रेयसी ती अरबीत बहीण, चुलतबहीण किंवा फार तर वाग्दत्त वधू. प्रेमाची कबुली मैत्रीच्या शपथेत बदले. त्यामुळे काही ठिकाणी कथा विचित्र होई : भावाने बहिणीकडे पाहून लाजावे किंवा चुलतभावाने तिच्यावरून मत्सराने जळावे असे प्रसंग. लहान मुलांना ते खटकत नसे. मोठेपणी मूळ जपानी आवृत्ती पाहिल्यावर मात्र धक्का बसे, आणि दोन आवृत्त्या शेजारी ठेवून फरक शोधणे हा अरब चाहत्यांचा एक गंभीर छंदच झाला. काहींनी डबिंगवाल्यांना दोष दिला. काहींनी म्हटले, हीच आमची खरी आवृत्ती, हिच्यातली भाषा मूळापेक्षा सुंदर आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण दुसरी बाजू अधिक खरी वाटते : नाते बदलले तरी त्या संवादांतली ओढ कलाकारांनी आवाजात जिवंत ठेवली होती, आणि मुलांपर्यंत ती पोचली होती.

जादूलाही या काळात एकदा अडथळा आला. फेब्रुवारी २००२ मध्ये अमिरातीच्या शिक्षण मंत्रालयाने खासगी शाळांतून काही पुस्तके काढून टाकायला सांगितली. त्यांत हॅरी पॉटर होता. शाळेबाहेर मात्र त्याचे चित्रपट चालू राहिले. यातली रेघ बारकाईने पाहण्यासारखी आहे. जिनाचे अस्तित्व ही श्रद्धेची बाब. सुपरमॅनची ताकद परग्रहावरची, ग्रेंडायझरची यंत्राची. या शक्ती नायकाला मिळालेल्या असतात. हॅरी पॉटरमध्ये मंत्र शिकता येतात, त्यांची शाळा असते. माणसाने मुद्दाम शिकून केलेली जादू, म्हणजे सिह्र, इस्लाममध्ये पाप आहे आणि अमिरातीच्या कायद्यात जादूटोण्याचा धंदा हा गुन्हा आहे. महाराष्ट्रातही २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला; तिथला रोख फसवणुकीवर आणि अघोरी प्रथांवर होता, इथे त्यात धर्माची बाजूही आहे. मिळालेली शक्ती चालते, शिकलेली शंकास्पद, असा हा भेद. तो कुठे लिहिलेला नाही, पण वर्गात, घरात आणि प्रक्षेपणात तो पुन्हा पुन्हा दिसतो.

याच दशकात दुबई अरबी दूरचित्रवाणीची राजधानी झाली. एमबीसी हा समूह २००२ मध्ये लंडनहून दुबई मीडिया सिटीत आला, २००४ मध्ये त्याने मुलांसाठी एमबीसी ३ काढली आणि २००७ मध्ये एमबीसी ॲक्शन. २००८ साली त्याच समूहाने ‘नूर’ ही तुर्की मालिका सीरियन बोलीत डब करून दाखवली. पतीने पत्नीला उघडपणे जपावे, तिच्या कामाचा मान राखावा, हे पाहायला अरब जग थांबले. वाहिनीच्या हिशेबाने शेवटचा भाग साडेआठ कोटी लोकांनी पाहिला. यात सुपरहिरो कुणी नव्हता, पण पुढच्या सुपरहिरो-प्रेक्षकाच्या जडणघडणीत ‘नूर’चा वाटा मोठा आहे. प्रेम दाखवले तर घर मोडत नाही, उलट घरातले सगळे एकत्र बसून पाहतात, हे तिने सिद्ध केले. प्रमाण अरबी सोडून बोलीत डबिंग केल्याने प्रेम पुस्तकातले राहिले नाही.

अमिरातीचा स्वतःचा महानायक २००६ च्या रमझानमध्ये अवतरला, आणि ती एक म्हातारी होती. मोहम्मद सईद हारिब हा दुबईचा तरुण अमेरिकेत बोस्टनला शिकत असताना त्याला वर्गात आपल्या संस्कृतीतला सुपरहिरो काढायला सांगितले गेले. त्याने उम्म खम्मास काढली : अबाया घातलेली, तोंडावर बुरखा चढवलेली जुन्या दुबईची आजी. इथला बुरखा म्हणजे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे येतो तो नव्हे. निळीत रंगवलेले कापड घासून घासून असे चमकवलेले असते की ते धातूचे वाटावे. कपाळापासून ओठांपर्यंत उतरणारा, डोळ्यांना दोन खाचा ठेवणारा तो पट्टा. ते कापड भारतातून येई. पाश्चात्त्य नायकाचा मुखवटा ओळख लपवतो; हा मुखवटा वय, मान आणि कुळ सांगतो. हारिबच्या ‘फरीज’ मालिकेत अशा चार आज्या आहेत, उम्म सईद, उम्म सल्लूम, उम्म अल्लावी आणि उम्म खम्मास, आणि त्यांच्या शक्ती म्हणजे कविता, विसराळूपणा, संगणक आणि जिभेची धार. मध्यपूर्वेतली ही पहिली त्रिमिती ॲनिमेशन मालिका. उडण्याची शक्ती न देता आजीला नायिका करणे हा या सबंध इतिहासातला सर्वांत धाडसी निर्णय म्हणावा लागेल. ‘फरीज’ म्हणजे मोहल्ला. बुर्ज आणि मॉल यांच्यात हरवत चाललेली गल्ली त्या चौघींनी राखून धरली.

तीन वर्षांनी कैस सिद्की यांनी ‘गोल्ड रिंग’ ही पहिली अमिराती मांगा काढली, चित्रे जपानी कलाकारांची आणि विषय बहिरी ससाण्यांचा. तिला २०१० मध्ये शेख झायेद पुस्तक पुरस्कार मिळाला. २०१२ मध्ये नूरा अल नुमान यांची ‘अजवान’ ही अरबी विज्ञान-कादंबरी आली. तिची नायिका नष्ट झालेल्या जलग्रहावरची तरुणी, आणि ती लढते ती पळवून नेलेल्या बाळासाठी. शक्ती, वियोग आणि मातृत्व यांची ही गाठ परदेशी साच्यातून आलेली नाही.

विखुरलेले चाहते एका छताखाली आले ते एप्रिल २०१२ मध्ये. दुबईच्या आंतरराष्ट्रीय मरीन क्लबमध्ये मिडल ईस्ट फिल्म अँड कॉमिक कॉन भरला. पुढे तो जागतिक व्यापार केंद्रात गेला आणि २०२२ पासून अबू धाबीच्या प्रदर्शन केंद्रात भरू लागला. इथली वेशभूषा पाहण्यासारखी असते. फोमचे तुकडे उष्णतेने वाकवून, रंगवून केलेली चिलखते, दोऱ्याने बांधलेले पुठ्ठ्याचे पंख, आणि एखादी अमिराती मुलगी जी पात्राचे लाल केस दाखवण्यासाठी विग न घालता लाल रंगाचा हिजाबच तशा घड्या घालून बांधते. अंगभर झाकलेले कपडे आणि तरी पात्र लांबूनही ओळखू यावे, हे कसब सोपे नाही. फिलिपिनो तरुण, केरळचे अभियंते, जॉर्डनच्या मुली शेजारी-शेजारी उभे राहून फोटो काढतात. ज्या नायक-नायिकांचे मीलन टीव्हीवर तुटले होते ते इथल्या चित्रकारांच्या टेबलांवर अखंड रूपात विकायला असते. चाहत्यांनी राहिलेली जागा स्वतः भरली.

पैसाही मागे राहिला नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये दुबईत आयएमजी वर्ल्ड्स हे बंदिस्त उद्यान मार्व्हलच्या विभागासह उघडले. जुलै २०१८ मध्ये अबू धाबीच्या यास बेटावर वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड आले, त्यात गॉथम सिटी आणि मेट्रोपोलिस. बॉलिवूड पार्क्स २०१६ च्या नोव्हेंबरात सुरू झाले. त्यात ‘मुंबई चौक’ होता, ‘क्रिश’ आणि ‘रा.वन’च्या सफरी होत्या. एप्रिल २०२३ मध्ये ते बंद पडले.

जादू आणि प्रेम यांच्यावरचा सर्वांत गंभीर वाद मार्व्हलच्या एका मालिकेने उभा केला : ‘वांडाव्हिजन’. जानेवारी ते मार्च २०२१ दरम्यान तिचे नऊ भाग आले. ती दाखवणारे डिस्नी प्लस तेव्हा अमिरातीत नव्हते. त्याच्या मालिका दुबईच्या ओएसएन या सशुल्क सेवेकडे २०२० पासून होत्या. नवे भाग शुक्रवारी येत, आणि शुक्रवार तेव्हा इथे सुट्टीचा, नमाजाचा आणि घरच्यांसोबतच्या जेवणाचा दिवस होता. नायिका वांडाचा प्रियकर मेला आहे. दुःखाच्या भरात ती जादूने एक सबंध गाव वेढून टाकते आणि त्यात त्याच्याबरोबर जुन्या विनोदी मालिकांसारखा संसार मांडते. गावातली माणसे मात्र तिच्या दुःखाची कैदी होतात. इथे जादू हीच प्रेमाची भाषा आहे, आणि दोन्ही एकत्र अपराधही आहेत. जगभरचे चाहते दोन तट पडून भांडले. एका तटाला पडद्यामागे कुणी मोठा खलनायक हवा होता, ज्याच्यावर सगळा दोष टाकता येईल. दुसऱ्या तटाने म्हटले की असा खलनायक नाही हीच मालिकेची ताकद, वांडाला तिचे पाप स्वतः उचलावे लागते. दुसरा तट बरोबर होता. उम्म दुवैसच्या किनाऱ्यावर तर ही गोष्ट अधिक कळावी : भुलवणारी बाई इथे स्वतःच भुललेली आहे.

त्याच वर्षी ‘एटर्नल्स’ चित्रपटावरून वाद पेटला. सौदी अरेबिया, कुवेत, कतार यांनी तो दाखवला नाही. अमिरातीत नोव्हेंबर २०२१ मध्ये तो आला तो जवळिकीची सर्व दृश्ये काढून, स्त्री-पुरुषांचीही. पण पुढच्याच महिन्यात, १९ डिसेंबरला, माध्यम नियमन कार्यालयाने २१ वर्षांवरील प्रेक्षकांसाठी नवी श्रेणी जाहीर केली आणि चित्रपट यापुढे आंतरराष्ट्रीय आवृत्तीतच दाखवले जातील असे सांगितले. कात्रीच्या जागी वयाची अट आली. सगळा अटकाव संपला असे मात्र झाले नाही. जून २०२३ मध्ये स्पायडरमॅनचा ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ इथे प्रदर्शित झाला नाही.

८ जून २०२२ रोजी डिस्नी प्लस अमिरातीत सुरू झाले. त्याच दिवशी ‘मिस मार्व्हल’चा पहिला भाग आला. जर्सी सिटीत राहणारी पाकिस्तानी कुटुंबातली कमला खान, पणजीची बांगडी हातात चढवल्यावर तिला प्रकाशाची शक्ती मिळते. मूळ चित्रकथेत तिचे शरीर हवे तसे ताणले जाते. मालिकेत ते बदलून बांगडी, ‘नूर’ नावाचे जग आणि जिनांची वंशावळ आणली. जुन्या वाचकांना हा बदल रुचला नाही. काही मुस्लिम समीक्षकांना जिनांचा हा वापर वरवरचा वाटला. पण दक्षिण आशियाई प्रेक्षकांना यात प्रथमच आपले स्वयंपाकघर, आपली मशीद, आपले लग्न दिसले. कमलाच्या वडिलांची भूमिका करणारे मोहन कपूर आखातातल्या झी-प्रेक्षकांना नव्वदच्या दशकातल्या ‘सांप सिढी’चे सूत्रसंचालक म्हणून आठवत होते.

या मालिकेचे प्रेम कमलाच्या शाळकरी ओढाताणीत नाही. ते पाचव्या भागात आहे : जिनकन्या आयेशा आणि गुलाब लावणारा हसन, मेहविश हयात आणि फवाद खान. फाळणीच्या रात्री, कराचीला जाणाऱ्या गाडीच्या फलाटावर, ती मरता मरता हरवलेली लेक बापाकडे पोचावी एवढ्यासाठी आपली शक्ती खर्च करते. या प्रेमात कात्री लावण्याजोगे जवळजवळ काही नाही. नजर, कविता, फूल. आणि जादूची सगळी सत्ता एका मुलीला आपल्या माणसांच्या गाडीत बसवण्यासाठी वापरली गेली आहे. बर दुबईच्या जुन्या बाजारात फाळणीच्या आधीपासून दुकान मांडणाऱ्या सिंधी हिंदू व्यापाऱ्यांची मुळे सिंधमधल्या ठट्ट्याची. लाहोर, अमृतसर, कराचीची कुटुंबे याच शहरात शेजारी राहतात. सीमेच्या दोन्ही बाजूंची घरे हा भाग शेजारी-शेजारी बसून पाहू शकतील अशा जागा जगात फार थोड्या आहेत, आणि अमिराती त्यांतली एक आहे. मालिकेच्या मधल्या भागांत कथा विस्कटते हे खरे; तरी हा एक भाग या प्रकारातल्या सर्वोत्तम कामांत धरावा लागेल.

याच सुमारास ओघ भारतीय भाषांकडेही वळला. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या मल्याळम ‘मिन्नल मुरली’ने वीज पडून शक्ती मिळालेला गावठी शिंपी नायक केला होता, आणि खलनायक शिबूला वर्षानुवर्षे जपलेले एकतर्फी प्रेम दिले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘लोका’ने केरळच्या लोककथेतली यक्षी नीली हिलाच सुपरहिरो केले. कुवेतहून ‘द ९९’ ही सुपरहिरो-चित्रकथा, बैरूतहून नबील फौझी, दमास्कसहून स्पेसटूनची गाणी, टोकियोहून ग्रेंडायझर, आणि आता कोचीहून यक्षी. ग्रेंडायझरही परतला : २०२४ मध्ये सौदी कंपनीच्या सहभागाने ‘ग्रेंडायझर यू’ ही नवी मालिका निघाली. मे २०२५ मध्ये डिस्नीने यास बेटावर आपले सातवे उद्यानसंकुल उभारण्याची घोषणा केली असून ते अबू धाबीची मिराल ही कंपनी बांधणार आणि चालवणार आहे.